चुन्याची ऊब आणि मलेरियाचा डीएनए

कळीचा चुना भिजताना तुम्ही कधी पाहिला आहे का? आमच्या गावी दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा, तेव्हा अंगणात पिंप मांडून त्यात चुन्याचे खडे टाकत आणि वरून पाणी ओतत. क्षणभर काहीच होत नसे. मग खडे तडकायला लागत, पाणी खदखदू लागे आणि पिंपावर वाफ धरे. खाली ना चूल, ना काटकी. आजी आम्हा पोरांना लांब उभं करायची, कारण तो चुना डोळ्यात उडाला तर डोळाच जायचा.

अमेरिकेत सिएटल इथे 'पाथ' नावाची संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी नेमकी हीच उष्णता एका थर्मासमध्ये कोंडली आणि तिच्यावर मलेरियाच्या डीएनएची चाचणी करून दाखवली. हे काम २०११ साली प्रसिद्ध झालं. वीज नाही, बॅटरी नाही, यंत्र नाही. चुना, पाणी आणि थर्मास. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अंगणातलं ते पिंप आठवलं आणि तेव्हापासून या चाचण्यांचा पाठपुरावा मी सोडलेला नाही. एवढा खटाटोप कशासाठी, हे आज नीट सांगते.

सुरुवात हिशेबाने करू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे ५० लाख मायक्रोलिटर. एक मायक्रोलिटर म्हणजे एक मिलिमीटर लांब, रुंद आणि उंच असा ठिपका, साबुदाण्यापेक्षाही लहान. त्या एवढ्याशा ठिपक्यात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. मलेरियाचा परजीवी राहतो तो या पेशींच्या आत.

आता समजा, एका माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दोन परजीवी आहेत. ऐकायला नगण्य वाटतं. पण अंगभर हिशेब केला तर हे एक कोटी परजीवी झाले. त्या माणसाला ताप असेलच असं नाही. तो शेतात जातो, लग्नाला जातो, रात्री ओसरीवर झोपतो. त्याला चावलेला अॅनॉफिलिस डास मात्र परजीवी घेऊन शेजारच्या घरात जाऊ शकतो. हा माणूस शोधायचा कसा, हाच या लेखाचा विषय.

मलेरिया ओळखण्याची सर्वांत जुनी आणि आजही मान्य असलेली रीत म्हणजे काचपट्टी. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात सूक्ष्मदर्शकाखाली हा परजीवी पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचा माग काढला. बोट टोचायचं, काचेवर थेंब पसरायचा, वाळवून रंग द्यायचा, भिंगातून बघायचं. आपल्याकडे त्यासाठी जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांचा, म्हणजे 'जेएसबी' रंग पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. पट्टी निगेटिव्ह म्हणण्याआधी तंत्रज्ञाने जाड थराची किमान शंभर क्षेत्रं बघायची असतात. एक क्षेत्र म्हणजे भिंगात एका वेळी दिसणारं वर्तुळ. पावसाळ्यात रोज ढिगाने पट्ट्या येतात, तेव्हा पन्नासाव्या पट्टीचं शंभरावं वर्तुळ तितक्याच लक्षाने बघणं हे फार कष्टाचं काम आहे. हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण रोजच्या धबडग्यात दर मायक्रोलिटरला पन्नास ते शंभर परजीवी असतील तरच ते हमखास सापडतात.

दुसरी रीत म्हणजे रॅपिड किट, जे आशाताईच्या पिशवीत असतं. परजीवी जी प्रथिनं रक्तात सोडतो, ती या पट्टीवर पकडली जातात आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. या किटने जगभर लाखो जीव वाचवले आहेत, यात शंका नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या रक्तात परजीवी बहुधा हजारोंनी असतात, आणि त्याच्यासाठी हे किट पुरेसं आहे. पण दर मायक्रोलिटरला साधारण शंभर-दोनशे परजीवींच्या खाली रेघ पुसट होते, मग उमटतच नाही. शंभर म्हणजे अंगभर मिळून ५० कोटी परजीवी झाले, हे लक्षात घ्या.

किटची आणखी एक अडचण आहे, आणि ती जास्त काळजीची आहे. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियासाठी बहुतेक किट 'एचआरपी २' या एकाच प्रथिनावर अवलंबून असतात. हे प्रथिन बनवणारा जनुकच गमावलेले परजीवी पेरूच्या अॅमेझॉन भागात सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. असा परजीवी कितीही वाढला तरी त्या रेघेत दिसत नाही. पुढे आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला, एरिट्रियात, हा प्रकार इतका पसरला की २०१६ मध्ये त्या देशाला किटच बदलावं लागलं. याच्या उलट गोष्टही घडते. रुग्ण बरा झाल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळतं आणि किट पॉझिटिव्हच दाखवत राहतं.

म्हणून प्रथिनाऐवजी थेट परजीवीचा डीएनए शोधायचा. मराठीत या चाचण्यांना 'रेण्वीय चाचण्या' म्हणतात. कोविडनंतर 'पीसीआर' हा शब्द मात्र घराघरात पोहोचला आहे, तेव्हा तिथूनच पुढे जाऊ.

पीसीआरची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. डीएनए म्हणजे एकमेकांत गुंफलेले दोन धागे. ९५ अंशांपर्यंत तापवलं की ते सुटतात. मग साधारण ५५ अंशांपर्यंत थंड केलं की 'प्राइमर' नावाचे छोटे तुकडे आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. पुन्हा ७२ अंशांवर नेलं की विकर, म्हणजे एन्झाइम, तिथून पुढचा धागा विणतं. एकाचे दोन झाले. हेच चक्र तीस वेळा फिरवलं तर एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात, आणि जे दिसत नव्हतं ते दिसायला लागतं.

पण तापमान असं वर-खाली नाचवायला यंत्र लागतं. यंत्राला न खंडणारी वीज, रसायनांना फ्रीझर, आणि हे सगळं चालवायला तयार हात. हे असतं शहरात. त्यामुळे गावातला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून शहरात जातो, आणि उत्तर परत येईपर्यंत आठवडा उलटतो. आपल्या गडचिरोलीचं उदाहरण घ्या, कारण महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार हा एक जिल्हा वाहतो. पावसाळ्यात भामरागडकडची गावं पुराने तुटतात, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं जंगलात असतात. आठवड्याने आलेलं अचूक उत्तर द्यायचं कोणाला? ते हातात येईपर्यंत डासाने आपलं काम केलेलं असतं.

२००० साली जपानच्या आयकेन केमिकल कंपनीतल्या त्सुगुनोरी नोतोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोंडीतून वाट काढली. त्यांच्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'लॅम्प' म्हणतात. यात तापमान वर-खाली करावंच लागत नाही. ६० ते ६५ अंशांच्या आसपास, एकाच उबेत, सगळं काम होतं. हे कसं जमतं ते जरा सावकाश बघू, कारण मला यातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

पीसीआरमध्ये दोन धागे उष्णतेने सोडवावे लागतात, कारण तिथलं विकर समोर आलेला जुना धागा बाजूला सारू शकत नाही. लॅम्पमध्ये 'बीएसटी' नावाचं विकर वापरतात. ते उष्ण जागी राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळालं. शिवणकामात जुना टाका एका हाताने उसवत दुसऱ्या हाताने नवा घालत जावं, तसं हे विकर पुढचा जुना धागा स्वतःच उसवत नवा विणत जातं. त्यामुळे ९५ अंशांची गरज पडत नाही.

पण उसवायला सुरुवात कुठून करायची? दर वेळी एक मोकळं टोक तर हवं. इथे नोतोमींची खरी हुशारी आहे. त्यांनी प्राइमर असे रचले की नव्याने विणलेल्या धाग्याचं टोक मागे वळून त्याच धाग्यात अडकतं. गजऱ्याचं टोक वळवून त्याच गजऱ्यात खोवावं, तसं. दोन्ही टोकांना असे फासे तयार होतात. फाशातला मधला भाग मोकळा राहतो, आणि तिथे पुढचा प्राइमर येऊन बसतो. धागा स्वतःच स्वतःला पुढच्या विणीसाठी जागा करून देत राहतो, बाहेरून कोणी हलवायला नको. अर्ध्या-पाऊण तासात प्रतींचा अक्षरशः पूर येतो.

यात चुकीच्या डीएनएची वाढ होण्याचा धोका कमी असतो. लॅम्पचे चार मुख्य प्राइमर मिळून डीएनएवरच्या सहा जागा ओळखतात. खेड्यात पत्ता सांगताना आपण म्हणतो, एसटी थांब्याच्या पुढे, मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पाराला लागून, निळ्या दाराचं घर. सहाच्या सहा खुणा जुळल्या तर घर चुकत नाही. मलेरियाच्या किटमध्ये या खुणा परजीवीच्या मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या, डीएनएवर शोधतात. त्याचा फायदा असा, की एका परजीवीत या डीएनएच्या एक नाही, बऱ्याच प्रती असतात. थेंबात परजीवी एकच सापडला तरी खुणा अनेक मिळतात.

उत्तर वाचायचं कसं? तेही डोळ्यांनी. नवा धागा विणताना प्रत्येक टाक्यागणिक पायरोफॉस्फेट नावाचा एक तुकडा सुटतो. तो मॅग्नेशियमशी जुळून पांढरा साका तयार करतो आणि नळीतलं पाणी पेजेसारखं गढूळ होतं. आयकेनच्या किटमध्ये यासोबत एक चमकणारा रंग असतो. मँगनीजने त्याची चमक दाबून धरलेली असते. सुटलेलं पायरोफॉस्फेट ते मँगनीज ओढून घेतं आणि अतिनील दिव्याखाली नळी हिरवी उजळते. दुसऱ्या काही पद्धतींत नळीचा गुलाबी रंग पिवळा होतो. हिरवी किंवा पिवळी म्हणजे आहे, नाहीतर नाही. आकडे वाचायचे नाहीत, आलेख समजून घ्यायचा नाही.

कागदावर हे सगळं सुरेख आहे. पण दवाखान्यात एक साधा प्रश्न उभा राहतो, की रक्ताचं काय करायचं? रक्तातलं हिमोग्लोबिन या विकरांच्या कामात अडथळा आणतं. पीसीआरचं विकर तर त्यापुढे लवकर हात टेकतं. लॅम्पचं विकर बरंच सोशिक आहे, आणि त्याचा फायदा घेऊन एक सोपी रीत निघाली. थोडं रक्त द्रावणात घालून पाच-दहा मिनिटं उकळत्या तापमानाला ठेवायचं, मग छोट्या यंत्रात गरगर फिरवायचं. रक्ताचा चोथा तळाला बसतो, वरची निवळी घ्यायची आणि चाचणीच्या नळीत टाकायची. त्या नळीच्या झाकणाला आतून सगळी रसायनं सुकवून चिकटवलेली असतात. नळी उलटी केली की ती विरघळतात. फ्रीझरची गरज इथे संपली. मला विचाराल तर या झाकणात सुकवलेल्या रसायनांचं महत्त्व विकरापेक्षा तसूभरही कमी नाही. खेड्यातल्या दवाखान्यात चाचणी पोहोचते की नाही, हे अशाच गोष्टींवर ठरतं.

युगांडातल्या एका ग्रामीण दवाखान्यात या किटची परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ताप घेऊन आलेले २७२ रुग्ण. दोन तंत्रज्ञांना फक्त तीन दिवस शिकवलं होतं. प्रयोगशाळेतल्या काटेकोर पीसीआरशी तुलना केली तेव्हा लॅम्पने ९० टक्के संसर्ग पकडले, तर तज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाने ५१ टक्के. दर मायक्रोलिटरला दोन किंवा त्याहून जास्त परजीवी असलेल्या नमुन्यांत तर लॅम्पची पकड जवळजवळ ९८ टक्के होती. ते दोन तंत्रज्ञ तीन दिवसांत हे शिकले, ही गोष्ट मला टक्केवारीहून मोठी वाटते.

आता चुन्याकडे परत येते. ६० ते ६५ अंशांची ऊब तासभर टिकवायची, एवढंच लॅम्पला हवं. पण नुसता चुना भिजवला तर तापमान एकदम वर जातं आणि मग उतरतं. विकर जळून जाईल. 'पाथ'च्या संशोधकांनी चुना आणि नळ्या यांच्यामध्ये एक मेणासारखा पदार्थ ठेवला, जो नेमक्या हव्या त्या तापमानाला वितळतो. तूप कढवताना पाहिलं असेल, थिजलेला गोळा पूर्ण वितळेपर्यंत दिलेली आच वितळवण्यातच खर्च होते. इथेही तसंच. चुन्याची जास्तीची उष्णता मेण वितळवण्यात जाते, मग चुना निवू लागला की मेण थिजताना तीच उष्णता परत देतं. नळ्यांना मात्र सारखी, एकाच मापाची ऊब मिळत राहते. पुढे याच गटाने चुन्याऐवजी मॅग्नेशियम-लोखंडाची पूड आणि मिठाचं पाणी वापरून हे आणखी सुटसुटीत केलं. तत्त्व तेच राहिलं.

या चाचणीचा एक शत्रू आहे, आणि तो मी जवळून पाहिला आहे. मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होते तिथे एका विद्यार्थिनीने चाचणी झालेली लॅम्पची नळी उघडली. तिला आतला डीएनए पुढच्या कामासाठी हवा होता, हेतू चांगला होता. पण त्या नळीच्या एका अदृश्य शिंतोड्यात लाखो प्रती असतात. त्या हवेत उडाल्या, टेबलावर बसल्या, पिपेटच्या, म्हणजे द्रव मोजून उचलायच्या नळीच्या, आत शिरल्या. दुसऱ्या दिवसापासून, दर खेपेला पडताळणीसाठी लावतो त्या शुद्ध पाण्याच्या नळ्याही पॉझिटिव्ह यायला लागल्या. टेबलं ब्लीचने पुसली, द्रावणं फेकली, पिपेट बदलली, तरी पाण्याची नळी पुन्हा कोरी यायला तीन आठवडे लागले. पाण्याला मलेरिया होत नाही, म्हणून आम्हाला कळलं तरी. पण समजा ही प्रत्येक खेपेची पाण्याची नळी कोणी लावलीच नसती, तर किती निरोगी माणसांना औषध दिलं गेलं असतं? म्हणून लॅम्पची नळी एकदा बंद केली की उघडायची नाही, झाकणासकट दिव्याखाली धरायची आणि तशीच टाकायची. किट बनवणाऱ्यांनी उत्तर बंद नळीतच दिसेल अशी सोय केली, ती याच कारणासाठी.

बंद राहण्याचा हा नियम पाळूनच स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठातल्या जोनाथन कूपर यांच्या गटाने कागदाच्या घड्यांची चाचणी बनवली. आपण लहानपणी होडी किंवा पाऊस-पाण्याचं भाकीत सांगणारं चौकोनी फूल करायचो, तशा एका ठरावीक क्रमाने कागदाला घड्या घालायच्या. प्रत्येक घडीबरोबर रक्त पुढच्या टप्प्यावर जातं आणि त्यातला डीएनए वेगळा होतो, धुतला जातो. मग लॅम्प, आणि शेवटी घरच्या गर्भचाचणीसारखी रेघ. युगांडाच्या ग्रामीण शाळांतल्या मुलांच्या बोटाच्या थेंबावर ही चाचणी झाली, पन्नास मिनिटांच्या आत उत्तर आलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालात कागदाच्या चाचणीने ९८ टक्के संसर्ग ओळखले, सूक्ष्मदर्शकाने ८६ आणि रॅपिड किटने ८३ टक्के. मुलं थोडी होती, हे सांगायला हवं. पहिली परीक्षा होती ती. पण वर्गाबाहेरच्या बाकावर बसून कागदाच्या घड्यांनी डीएनए वाचता येतो, हे सिद्ध झालं.

सगळेच लॅम्पच्या वाटेने गेले नाहीत. गोव्यात वेर्णा इथल्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे पीसीआरच आहे, पण बॅटरीवर चालणाऱ्या, सुटकेसमध्ये मावेल अशा यंत्रात बसवलेलं. एका छोट्या चिपवर तासाभरात निकाल येतो. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली, कोविडमध्ये आपल्या तालुक्या-तालुक्यांत ते पोहोचलं, आणि मलेरियाची चिपही त्यात चालते. आधीच जिथे हे यंत्र क्षयरोगासाठी बसवलेलं आहे, तिथे मलेरियासाठी नव्याने खोली, वीज आणि माणूस शोधावा लागत नाही. आपल्या देशापुरतं बोलायचं तर ही वाट मला जास्त व्यवहार्य वाटते. चुन्याचा थर्मास मनाला भावतो, पण दुरुस्तीला माणूस जवळ असलेलं यंत्र गावाच्या जास्त उपयोगी पडतं.

मग हे सगळं इतकं चांगलं आहे, तर प्रत्येक तापाला डीएनए चाचणी का नाही? कारण तशी गरज नाही, आणि परवडणारंही नाही. रॅपिड किट एका डॉलरच्या आत मिळतं, डीएनए चाचणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. २०२३ मध्ये जगात मलेरियाचे अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू, त्यातले ९५ टक्के आफ्रिकेत. मरणाऱ्यांत पाच वर्षांखालची मुलंच सर्वांत जास्त. त्या मुलांना आज, आत्ता, रॅपिड किट आणि औषध मिळालं तर बहुतेक वाचतील. त्यांच्या वाट्याचा पैसा महागड्या चाचणीकडे वळवणं चूक ठरेल, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये हेच सांगितलं, की या चाचण्या सर्वेक्षणाला आणि संशोधनाला उपयोगी आहेत, रोजच्या उपचारासाठी नाहीत.

त्यांची खरी जागा दोन ठिकाणी आहे. एक, गरोदर बाईच्या बाबतीत. फाल्सिपेरमचे परजीवी वारेत, म्हणजे प्लासेंटात, दडून बसतात. बोटाच्या थेंबात ते फार थोडे येतात, किट निगेटिव्ह दाखवतं, आणि पोटातलं बाळ मात्र कमी वजनाचं राहतं. दुसरी जागा म्हणजे जिथे मलेरिया जवळपास संपत आला आहे ते प्रदेश.

टांझानियातलं झांझिबार बेट हे त्याचं चांगलं उदाहरण. तिथे मच्छरदाण्या, फवारणी आणि नव्या औषधांनी मलेरिया खूप खाली आला. मग उरलासुरला संपवण्यासाठी घरोघरी जाऊन सर्वांची रॅपिड किटने तपासणी केली आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना औषध दिलं. मलेरिया त्याने कमी झाला नाही. उरलेले बहुतेक संसर्ग किटच्या नजरेखालचे होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या दुसऱ्या पाहणीत सुमारे चार हजार लोकांचं रक्त लॅम्पनेही तपासलं. रॅपिड किटला दर हजारी पाच माणसं सापडली, लॅम्पला सोळा. म्हणजे प्रत्येक सापडलेल्या माणसामागे दोन जण औषधाशिवाय घरी परत गेले असते. भारतानेही २०३० पर्यंत मलेरिया संपवायचं ठरवलं आहे, त्यामुळे हा झांझिबारचा धडा आपल्याला लवकरच लागणार आहे.

अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने 'ड्रॅगनफ्लाय' नावाच्या लॅम्प चाचणीचे निकाल दिले. गांबिया आणि बुर्किना फासो इथल्या लोकांच्या बोटाच्या थेंबावर ती झाली. रक्तातला डीएनए लोहचुंबकाला चिकटणाऱ्या बारीक कणांनी उचलतात, त्यामुळे गरगर फिरवणारं यंत्रही लागत नाही. मग हातात मावणारी गरम ठोकळी आणि गुलाबीचा पिवळा होणारा रंग. तिने सुमारे ९५ टक्के संसर्ग पकडले, तज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाने ७०, रॅपिड किटने जेमतेम निम्मे. सगळं पाऊण तासात.

या आकड्यांमधला पाऊण तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. एवढा वेळ माणूस दवाखान्याच्या बाकावर थांबतो. बाईचं मूल मांडीवर झोपतं, म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटतो. नळी पिवळी झाली की त्याच बाकावर त्याला पहिली गोळी देता येते, पत्ता शोधत फिरावं लागत नाही.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट त्या बाकावरही संपत नाही. भारतात फाल्सिपेरमच्या जोडीला वायवॅक्स मलेरिया आहे, आणि वायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. रक्तात ते नसतातच, त्यामुळे रक्ताच्या थेंबातला डीएनए शोधणारी कोणतीही चाचणी, चुन्यावर चालो की बॅटरीवर, त्यांना पाहू शकत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते जागे होतात आणि ताप परत येतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेलेला असतो, माणूस कामाला लागलेला असतो आणि गोळ्यांचं पाकीट फडताळात राहून जातं. तिथून पुढचे नऊ-दहा दिवस आशाताईला रोज त्याच्या दारात जाऊन ते पाकीट काढायला लावावं लागतं.